तात्यांच्या अकरा उठाबशा

कचेरीत आवक-जावकचं टेबल तात्यांकडे होतं. टपाल जसं येई तसं जाई. तात्यांच्या पोटाचं मात्र तसं नव्हतं. तिथं नुसती आवक. एका सकाळी पँटचं बटण उडालं ते थेट बायकोच्या चहात. तिनं ते चमच्यानं काढलं, सुतळीनं तात्यांच्या पोटाचं माप घेतलं आणि तेवढीच सुतळी कापून खिळ्याला टांगली.

"पोट दोन बोटं उतरेपर्यंत तुमची साखर बंद."

बिनसाखरेचा चहा म्हणजे तात्यांना जन्मठेपच. पण व्यायामाला वेळ कुठला? सकाळी पाणी भरायचं, घरी परतेपर्यंत दिवेलागण. मग ठरलं, जेवणाच्या सुट्टीत कपाटाआड वीस उठाबशा. (शाळेत मास्तरांनी त्यांना तेवढी एकच विद्या दिली होती, पण रोज दिली होती.) सवयीनं हात आपसूक कानांवर गेले.

अकराव्या उठाबशीला टाइपिस्टबाई फाइल घ्यायला आल्या.

"अगं बाई! तात्या, हे काय?"

तात्यांना धाप लागलेली. "साहेबांना... सांगू नका... विसातल्या... अजून नऊ... राहिल्यात."

"या वयात शिक्षा!" बाई ओरडतच गेल्या.

पाच मिनिटांत सगळी कचेरी साहेबांच्या दारात.

"वडीलधाऱ्या माणसाला कान धरायला लावता?"

साहेब नवे, स्वभावानं भित्रे. "मी? मी तर यांना अजून ओळखतही नाही हो!"

"ओळख नाही तरी वीस! ओळख झाल्यावर किती?"

"अहो, मी आपणहून..." तात्या धापा टाकत म्हणाले.

"बघा, बिचारे किती घाबरलेत!"

साहेबांनी घाम पुसत तिथल्या तिथे लेखी हुकूम काढला : तात्यांनी यापुढे खुर्चीवरून उठू नये. पाणी, फायली, सगळं जागेवर मिळेल. शिवाय जो तो हळहळत चहा आणून देऊ लागला, दोन दोन चमचे साखर घालून. तात्यांनी खरं काय ते दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगणार होते, पण चहा निवत होता.

महिन्यानं बायकोनं सुतळी काढली. टोकं एकमेकांना भेटेनात.

"अहो, हे काय झालं?"

तात्यांनी खाली बघत अकराव्या उठाबशीपासूनची सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "मला न्याय मिळाला."

"दिसतोय," बायको म्हणाली. "चला, धरा कान. त्या नऊ राहिल्यात ना?"