नऊ हजार नऊशेचा उजेड

अहेरीकडच्या एका गावात तलावाच्या पाळीवर वाघ दिसल्याची तक्रार आली आणि कार्यालयाने तिची गंभीर दखल घेतली. वाघ हटवणे नियमात बसत नव्हते. तो नीट दिसावा, एवढे बसत होते. म्हणून प्रत्येक मासेमाराला एकेक एलईडी टॉर्च देण्यात आला.

लटारूचे पोट त्याच तलावातल्या जाळ्यावर. उजाडायच्या आत जाळे उचलले नाही तर मासळी बाजार चुकवते. टॉर्च हाती येताच त्याने आतला चार्जिंगचा सेल काढून पाहिला. त्यावर क्षमता ठळक छापली होती : ९९००. एवढा मोठा आकडा त्याने आजवर फक्त विजेच्या बिलावर पाहिला होता. पण हा आकडा घरापासून पाळीपर्यंत पुरायचा आणि तिथेच मान टाकायचा. थोडक्यात, टॉर्च जाण्याचा होता, येण्याचा नव्हता.

"वाघ समोर आला तं त्याले काय आकडा वाचून दाखवसान?" बायको कुंता म्हणाली. "सेल बदला, नाईतं जाळं सडू द्या तिथीच."

बाजारात निकेशचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. त्याने सेल पाहिला आणि आधी पोटभर हसून घेतले.

"लटारूभाऊ, छिलक्यावर आकडा छापाले काय लागते? शाई! एवढ्याशा सेलात नऊ हजार मावतच नाई. साडेतीन हजाराच्या वर गेला का समजून जा, बाकीची थाप हाय. हा घ्या सव्वीसशेचा. खरा हाय."

लटारूने एक सेल उजव्या तळहातावर घेतला, एक डाव्यावर. हयात मासे तोलण्यात गेलेली; गाभोळीची मरळ कोणती आणि रिकामी कोणती, हे त्याला डोळे मिटून कळे. सव्वीसशे पोटाने भरलेला होता. नऊ हजार नऊशे उपाशी.

नवा सेल जाळे उचलून घरी येईपर्यंत पुरायचा, वर कुंताला चुलीमागची काडेपेटी शोधायलाही उरायचा. असा महिना सुखात गेला. सुख फार दिवस विनापरवाना चालत नाही. तपासणी आली.

तपासणी अधिकारी गुणवंतरावांनी टॉर्च उघडला, सेल वाचला आणि लटारूला नोटीस दिली : 'लाभार्थ्याने शासकीय टॉर्चची क्षमता ९९०० वरून परस्पर २६०० वर आणली. सबब टॉर्च जप्त का करू नये?'

"साहेब, हा जास्त टिकते. हातात धरून पाहा ना, वजनच सांगते."

"वजन फाइलला लावता येत नाही," गुणवंतराव मायेने म्हणाले. "आकडा लावता येतो."

"मंग दोन्ही पेटवून पाहा!"

समिती बसली. तुलनेला कार्यालयातला ९९००चा एक शिल्लक टॉर्च घेतला. चाचणी कार्यालयीन वेळेत घेणे बंधनकारक असल्याने ती भर दुपारी अंगणात झाली आणि दोन्ही टॉर्चांत प्रकाश आढळून आला नाही. वरून अंधार मागवावा लागेल, असे ठरत असतानाच शिपाई सोमाजीने जुन्या फायलींच्या खोलीचे दार उघडले. तिथे अंधार मुबलक होता, आणि उत्तम जतन केलेला.

नऊ हजार नऊशे अकरा मिनिटांत संपला. सव्वीसशे ऑफिस सुटायच्या वेळेलाही जळत होता. त्याच्याच उजेडात समितीने अहवाल लिहिला : 'क्रमांक एकने काम मुदतीपूर्वी पूर्ण केले. क्रमांक दोनचे काम दिवसअखेर प्रलंबित आढळले.' आठ दिवसांत फेरतपासणी. आकडा कमी दिसला तर टॉर्च जप्त.

लटारू तडक निकेशकडे गेला.

"काऊन भाऊ, तोंड काऊन उतरलं?"

"अंधारात वाघ, उजेडात गुणवंतराव. मी जाऊ तं कुठी जाऊ?"

निकेशने सव्वीसशेचा प्लास्टिकचा छिलका सोलून काढला, खणातून नव्या छिलक्यांची गुंडाळी काढली. "बोला, कितीचा करू?"

"साहेबाले बरं वाटन तेवढ्याचा."

निकेशने बारा हजारांचा चढवला आणि गरम हवा मारून बसवला.

फेरतपासणीत गुणवंतरावांनी बारा हजार दोनदा वाचले. 'लाभार्थ्याने स्वयंप्रेरणेने क्षमतावाढ केली,' असा शेरा मारून त्यांनी लटारूसोबत फोटो काढून घेतला. दुसऱ्याच पहाटे पाळीवर दोन डोळे चमकले. उजेड टिकून होता, म्हणून लटारू वाघाकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत, सबंध घरी आला.

तेव्हापासून निकेशच्या दुकानात दोन डबे असतात. एकात सव्वीसशे, दुसऱ्यात बारा हजार, आणि दुसऱ्याचा भाव दुप्पट. "आतून दोन्ही एकच हाय," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगतो. गिऱ्हाईक हसते, समजल्यासारखी मान हलवते आणि बारा हजारांचा घेऊन जाते. गुणवंतरावांनी दोन नेले. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून आलेल्या इंजिनियर पाहुण्याने तर चार नेले.

आपण हे वाचून हसलात, असे निकेशच्या कानावर घातले आहे. आपल्यासाठी त्याने एक कोरा छिलका बाजूला काढून ठेवलाय. आकडा तेवढा कळवा.