बोकारेकाकांचं नाक

बोकारेकाका जेवायला बसले की आधी त्यांचं नाक जेवतं, मग तोंड. वाटी उचलायची, डोळे मिटायचे आणि हुंगायचं! तेही चारचौघांत, यजमानीण वाढायला उभी असताना!

कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे निकालही तिथल्याच भाषेत. "माल संशयास्पद आहे." इकडे हिंदी मुलखात, आमच्या टाउनशिपमधल्या एका लग्नात त्यांनी पनीरची भाजी अशीच नापास केली. हलवाई भडकला, "अंकल, खाना है तो खाओ, सूँघ क्यों रहे हो?" काकांनी पुढची वाटी उचलून नाकाला लावली. ठेल्यावरच्या, हॉटेलातल्या खाण्याला तर ते शिवतही नसत. त्यांनी माझ्याकडचा सत्यनारायणाचा प्रसाद हुंगला, तेव्हा मी मनात म्हटलं, मेलं ते नाक एकदा चोंदू दे!

आणि चोंदलं की हो! ऐन मे महिन्यात काकांना सणसणीत सर्दी झाली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काकू घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दारात. काकांना उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, पायांत गोळे, अंगात ताप. जीभ तर पार कोरडी पडलेली. मी शेजारच्याच क्वार्टरात, रिक्षा करून दवाखान्यात नेलं. सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "फूड पॉयज़निंग है. बाहर का कुछ खाया था?"

"ठेले के दही-बड़े," काका पुटपुटले.

मी चाटच पडले. हा माणूस दिवसभर घरात शिंकत होता, भिंतीपलीकडून मीच ऐकत होते! काकू औषधं आणायला गेल्या तशी मी काकांना धरलंच.

"बासुंदी खाल्ली गं. रात्रभर ओट्यावर राहिली असणार. तुझ्या काकूला गोड चालत नाही, म्हणून ती वाचली."

"काकूंना वास नाही आला?"

"मागच्या आजारापासून तिला वासच येत नाही. माझ्यापासून लपवते. मला कळलंय हे समजलं, तर पुन्हा गॅसजवळ जाणार नाही. पोरं लांब, रांधण्यातच तिचा जीव. फक्त घरचंच हुंगलं असतं तर तिला संशय आला असता. म्हणून सगळ्यांकडचं हुंगतो."

माझे डोळेच भरून आले. अहो, काय माणूस हा!

तेवढ्यात काकू आल्या त्या कडाडतच. "मी भाजीला गेले तेवढ्यात ठेल्यावर खाता, या वयात? लाज नाही वाटत?"

"चुकलो," काका मान खाली घालून म्हणाले.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तू धावलीस म्हणून निभावलं बाई. घरी बासुंदी उरलीय, तुझ्या पोरांना ने."

काकांचा चेहरा पांढराफटक.

"सगळी नेते," मी म्हटलं. घरी येऊन मोरीत ओतली आणि सकाळी घासलेलं पातेलं परत दिलं.

"कशी झाली होती गं?" काकूंनी विचारलं.

"पोरांनी बोटं चाटली, काकू."