वाइनऐवजी मी काय घातलं

मी लिफ्ट तपासतो. माझी सही झाल्याशिवाय आमच्या भागातली एकही लिफ्ट माणसं घेऊन वर जात नाही. तेव्हा जोखीम कशाला म्हणतात, हे मला कुणी शिकवू नये! म्हणूनच दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रविवारी दुपारी जेवायला येणार असं ठरलं, तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "स्वयंपाक मी करणार. मशरूम घातलेली कोंबडी, पांढऱ्या वाइनमधली!"

बायकोच्या हातातली बशी पडता पडता राहिली. "अहो, दाजींना? वाइन?"

"वाइनशिवाय! वाइनऐवजी द्राक्षांचा रस आणि दोन चमचे व्हिनेगर. चव हुबेहूब. कुणाच्या बापाला फरक कळायचा नाही!"

"त्यापेक्षा सरळ भाजून द्या ना कोंबडी."

"भाजलेली कोंबडी कोणीही करतं," मी म्हणालो आणि एप्रन बांधला.

तिच्या भीतीला कारण होतं. दाजींनी दारू सोडून चौदा महिने झाले होते. त्याआधी ताई दोन बॅगा घेऊन आमच्याकडे येऊन राहिली होती आणि परत जाताना दाजींना एवढंच म्हणाली होती, "यापुढे एक थेंब जरी पोटात गेला, तरी मी कायमची निघाले." ताई बोलते तसं करते. लहानपणी एका खोडरबरापायी तिने माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता! ताईच्या त्या धमकीपासून दाजी खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा चष्मा लावून वाचतात.

दुपारी सगळे टेबलाशी बसले. दाजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. डोळे मिटले. चमचा अलगद खाली ठेवला. एक ग्लास पाणी प्यायले. मग दुसरा प्यायले.

"मेहुणे," ते खोल आवाजात म्हणाले, "यात काय घातलंय?"

इथे मी साधं उत्तर द्यायला हवं होतं. पण अंगात मोठा आचारी संचारला होता ना! मी भुवया उडवल्या. "ओळखा!"

दाजी उठले, बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "तू ह्यांना दारू घातलीस?"

"शपथ ताई! नुसता द्राक्षांचा रस..."

"ते पंचवीस वर्षं पीत होते. त्यांची जीभ फसेल का? बाटली आण आधी!"

मी स्वयंपाकघरात धावलो. मागोमाग बायको. बाटली बघितली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अहो, ही? ही तर मी तापाने पडले होते तेव्हा उघडलेली. महिना झाला!"

"मग?"

"मग काय? फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं होतं तुम्हाला. ही शेगडीशेजारच्या कपाटात कशी गेली?"

कशी जाणार? मीच ठेवली होती! मी झाकण काढून वास घेतला. आंबूस, उग्र, नाकात जाणारा वास.

"द्राक्षांचा रस," बायको पुटपुटली, "बंद बाटलीत, महिनाभर, उबेला. अहो... वाइन अशीच करतात ना?"

वीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टचे दोर तपासणाऱ्या मी स्वतःच्या हाताने ताईचा संसार खाली सोडला होता! बाटली बेसिनमध्ये रिकामी करावी असा विचार आला. खोटं कशाला बोलू, ती मी तिरकीही केली. पण दारात ताई उभी होती.

ती ओरडली नाही, हेच भयंकर होतं. माझ्या हातातून बाटली काढून घेऊन स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "गेल्या महिन्यातच मी त्यांच्या शर्टाचा वास घेणं बंद केलं होतं रे."

आता मात्र मला राहवेना. बाथरूममध्ये नळ धो धो वाहत होता. मी दारावर थाप मारली.

"दाजी! चूक माझी आहे! तो रस आंबला होता, त्याची दारू झाली असणार. तुम्ही जाणूनबुजून काही घेतलेलं नाही! ताई, तुला जायचंच असेल तर माझ्याशी नातं तोड, पण ह्यांचे चौदा महिने पुसू नकोस!"

नळ बंद झाला. कडी निघाली. दाजी बाहेर आले. तोंड ओलं, सदरा छातीपर्यंत ओला.

"बाटली."

कुणीच देईना. ताईने ती छातीशी धरली. "तुम्ही वाससुद्धा घ्यायचा नाही!"

"मग कोण घेणार? या घरात दुसरं कुणाला कळतं?"

ताईने बाटली पुढे केली. दाजींनी ती नाकाशी नेली. एकदा हुंगली, मग पुन्हा हुंगली.

"व्हिनेगर," दाजी म्हणाले. "रस सडून त्याचं पार व्हिनेगर झालंय. आणि यात तुम्ही वरून आणखी व्हिनेगर घातलंत?"

"दोन चमचे," मी म्हणालो. "म्हणजे... चव कमी वाटली, म्हणून चार."

ताई एकदम रडायला लागली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"मग इतका वेळ आत काय करत होतात तुम्ही?" तिने दाजींना विचारलं.

"चुळा भरत होतो! मेहुण्यांनी एवढ्या हौसेने केलंय, त्यांच्या तोंडासमोर कसं थुंकणार?"

जीव भांड्यात पडला, तशी माझी हौस परत उचल खाऊ लागली. "पण दाजी, खरं सांगा. चव अगदी पांढऱ्या वाइनसारखी होती की नाही?"

"तुम्ही कधी चाखली आहे?"

"छे छे! जन्मात नाही!"

दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेहुणे, वाइनची चव अशी असती ना, तर मी कधी सुरुवातच केली नसती!"