लिंबातली सुरमई

"पप्पा, फक्त एक गोष्ट पाळा," गाडीतून उतरता उतरता रूपल म्हणाली. "काहीही झालं तरी त्यांच्या किचनमध्ये जायचं नाही."

कृष्णकांतांना हे फार लागलं. शिरगावात गेली पंचवीस वर्षं लग्न कुणाकडेही असो, मांडवामागच्या चुलाण्यापाशी उभे राहायचे ते कृष्णकांतच. भाताला वाफ धरली की नाही, मासळीत मीठ पडलं की नाही, हे बघितल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. मागे एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा अक्षता टाकायला ते हातात डाव घेऊनच आले होते.

"मी कशाला जातंय? मी काय येडा हाय?" ते म्हणाले.

सुलूने नुसतं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाचं उत्तर तिने कधी मोठ्याने दिलं नव्हतं.

प्रसंग नाजूक होता. रूपलला दर्पण आवडला होता, दर्पणला रूपल. आता दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं उरलं होतं. दर्पणचे वडील तात्या मूळचे घिवलीचे, पण पस्तीस वर्षं मुंबईत, मोठ्या कंपनीत साहेब होऊन निवृत्त झालेले. त्यांनी रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं ते थेट वांद्र्याच्या या हॉटेलात. इथे म्हणे दक्षिण अमेरिकेतलं जेवण आपल्याकडच्या जेवणात मिसळून देत.

"मिसळून कशाला? दोन वाट्यांत वेगवेगळं नाय देता येत?" कृष्णकांतांनी विचारलं होतं, आणि रूपलने कपाळाला हात लावला होता.

आत जाऊन बसल्यावर ओळखीपाळखी झाल्या. तात्या कोटात होते आणि दर दोन वाक्यांनी "लव्हली" म्हणत होते. दर्पणची आई भावनाताई हसून बोलत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरबताचे सहा ग्लास आले आणि कृष्णकांतांनी पाहिलं, तर सहाही ग्लासांच्या कडांना मीठ चिकटलेलं.

त्यांना धक्का बसला. एवढं भारी हॉटेल, आणि ग्लास धुवायला माणूस नाही? त्यांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढला आणि पहिला ग्लास तात्यांचा, या मानाच्या क्रमाने सहाही ग्लासांच्या कडा लख्ख पुसून दिल्या.

"पप्पा!" रूपल दातांतून म्हणाली. "ते मुद्दाम लावलेलं असतं."

"थँक्यू, लव्हली," तात्या म्हणाले आणि घटाघटा प्यायले.

त्यानंतर बर्फावर ठेवलेले सहा वाडगे आले. वाढप्याने पदार्थाचं नाव सांगितलं, "सेविचे, सर." वाडग्यात लिंबाचा रस, बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि सुरमईचे तुकडे होते. वास ताजा, तुकडे सुबक. कृष्णकांतांनी काट्याने एक तुकडा दाबला आणि काटा तसाच खाली ठेवला.

सुरमई कच्ची होती. धुतलेली, कापलेली, लिंबू लावून मुरवलेली, आणि तव्यावर जायचीच राहून गेलेली!

आता त्यांच्या डोळ्यांपुढे सगळा अनर्थ उभा राहिला. आज यजमान कोण? तात्या. होणाऱ्या व्याह्यांसमोर तात्यांच्या पंगतीत कच्ची मासळी वाढली गेली! तात्यांच्या हे लक्षात आलं तर त्यांचं नाक कापलं जाणार, ते मॅनेजरला बोलावणार, आरडाओरडा होणार आणि पोरीच्या सोयरिकीचा विचका होणार. शिरगावात अशा वेळी एकच रीत होती. पंगतीत काही कच्चं निघालं, तर कुणालाही कळू न देता गुपचूप उचलायचं, मागे न्यायचं, शिजवायचं आणि हसतमुखाने परत आणायचं. यजमानाची अब्रू राखणं हे पाहुण्याचंही काम असतं.

त्यांनी आपला वाडगा नॅपकिनखाली घेतला. सुलूचाही घ्यावा म्हणून हात लांबवला, तर तिने वाडगा घट्ट धरला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली.

कृष्णकांतांना भरून आलं. जी बाई सात पाण्यांत धुतल्याशिवाय मासळी चुलीवर चढवत नाही, ती लेकीसाठी कच्ची सुरमई गिळायला तयार झाली होती! आता तर जाणं भागच होतं.

"हात धुऊन येतंय," म्हणून ते उठले.

किचनच्या दारातून त्यांनी डोकावलं. आत काळ्या टोप्या घातलेली माणसं धावत होती. एका कोपऱ्यात चाळिशीची एक बाई मक्याच्या पिठाच्या लहान लहान भाकऱ्या तव्यावर टाकत होती. तिने मान वर केली.

"काय पायजे, काका? इकडं यायचं नाय."

आपल्याकडचं बोलणं ऐकून कृष्णकांतांचा जीव भांड्यात पडला. "बाई, तुमी कुठच्या?"

"मासवनची. चिमी माजं नाव."

"मी शिरगावचा! चिमीबाई, एक मोटी चूक झाली हाय. कोनाला सांगू नका." त्यांनी नॅपकिन बाजूला केला. "मासळी कच्चीच गेली."

चिमीने वाडग्यात बघितलं, कृष्णकांतांकडे बघितलं आणि पदराआड हसली. "काका, ती कच्चीच खातात. लिंबात शिजते म्हनं. मी पन पयल्या दिवशी असाच जीव टाकला होता."

"कच्ची? आनि लोक पैसे देऊन खातात?"

"परत परत येतात."

कृष्णकांतांनी भिंतीला हात टेकला. हा धक्का मिठाच्या ग्लासापेक्षा मोठा होता. चिमीला त्यांची दया आली. तिने वाडगा घेतला, लिंबाचा रस निथळला, फळीवरच्या डब्यातून आपला घरचा मसाला काढला आणि तुकडे तव्यावर सोडले. चर्र आवाज झाला आणि कृष्णकांतांना आपण माणसांत आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. कृष्णकांतांनी वळून बघितलं. दारात तात्या उभे होते.

संपलं. मुलीचा बाप व्याह्यांच्या मेजवानीतून उठून किचनमध्ये मासे तळताना रंगेहाथ सापडला होता. त्यांनी हात जोडले.

"तात्या, माफ करा, पोरीची काय चूक नाय..."

तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोटाची बाजू उघडली. आत, नॅपकिनखाली, त्यांचा वाडगा होता.

"तव्यावर जागा हाय का?" साहेबांनी विचारलं.

कृष्णकांतांनी सरकून जागा करून दिली. "मग हे हॉटेल तुमी कशाला निवडलंत?"

"मी? भावना म्हनाली, पोरगी मॉडर्न हाय. मसाल्याचा वास आला नि पाय आपोआप इकडं वळले. घिवली सोडली, पन जीभ तिकडंच राहिली ना!"

चिमीने स्टाफच्या पातेल्यातला भात काढून दिला. दोघे व्याही पिठाच्या पिंपाशेजारी उभ्याने जेवले. वाड्या-बागांचं बोलणं झालं, घिवलीच्या समुद्राचं झालं, आणि सोयरीक पक्की असल्याचं तात्यांनी तोंडात घास असतानाच सांगून टाकलं. लांब केसांची शेंडी बांधलेला हॉटेलचा मॅनेजर येऊन ओरडेपर्यंत सुरमईचा एक तुकडाही उरला नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा रूपलच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दर्पणचा चेहरा उतरला होता.

"पप्पा, तुम्ही दोघं अर्धा तास कुठे होतात? भांडलात ना?"

"भांडन कसलं? लगीन ठरलं!" कृष्णकांत म्हणाले.

पोरं उड्या मारायचीच काय ती बाकी होती. पण कृष्णकांतांची नजर सुलूकडे गेली. बिचारीने केवढं सोसलं! तिच्या पुढचा वाडगा रिकामा होता. शेजारी भावनाताईंचा रिकामा होता. आणि मधे आणखी दोन वाडगे होते, तेही पुसून घेतल्यासारखे रिकामे.

"सुलू, बरी हायस ना?"

"अहो, काय चव हाय!" सुलूचे डोळे चमकत होते. "आमी दोघींनी परत मागवलं. शिजवून शिजवून आपन मासळीची चवच घालवतंय. भावनाताईंनी नि मी ठरवलंय, हळदीच्या जेवनाला सगळ्या गावाला हेच करायचं. मासळी आपल्या बंदरावरची, लिंबं आपल्या वाडीतली."

"सगळ्या गावाला," भावनाताईंनी मान डोलावली.

कृष्णकांत मटकन खुर्चीत बसले. पंचवीस वर्षांत प्रथमच मांडवामागे त्यांना काही कामच उरणार नव्हतं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी "लव्हली" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

थोड्या वेळाने कृष्णकांत त्यांच्या कानाशी झुकले.

"व्याही, हळदीला तवा तुमी आना. लपवून. तेल मी आनतंय."