होणारा जावई आणि आईचं बिरडं

सांगायला लाज कसली? मासळीच्या बाबतीत माझं नाक म्हणजे नाक! मी कोपरीच्या बाजारात शिरलो की शिळी पापलेटं आपोआप टोपलीच्या तळाला जातात. सुरमई आजची की कालची, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. आणि एवढा मासेखाऊ असूनही श्रावण मात्र कडक! लग्नाआधीपासून आजतागायत श्रावणात जिभेला मासा लागलेला नाही. हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. ते विचारत नाहीत, तरी सांगतो.

आणि अशा घरातल्या लेकीने, आमच्या शिवानीने, जावई कसला शोधावा? ज्याला कोलंबी चालत नाही असला!

"आवडत नाही?" मी विचारलं.

"चालत नाही, बाबा! अ‍ॅलर्जी आहे. लहानपणी एकदा खाल्लेली तर श्वास अडकलेला. कोलंबी, खेकडे, त्या जातीचं काहीच नको."

"अरेरे, बिचारा!" मला मनापासून वाईट वाटलं. माणसाने जगायचं कशावर?

हा विनीत डोंबिवलीचा. सहा फूट उंच, दंड असे की शर्टाची कीव यावी. रविवारी तो आणि त्याच्या आई, हेमांगीताई, जेवायला येणार होते. सगळं पटलं तर तिथल्या तिथे सुपारी फोडून लग्न पक्कं! शिवानीचा सगळा जीव त्या दिवसात अडकलेला.

"बाबा, घोळ घालू नका हं!"

"सोड माझ्यावर!"

शनिवारीच मी फ्रीजमधली सगळी मासळी शेजाऱ्यांना वाटून टाकली. तवे, कढया, विळी, सगळं राख लावून घासलं. मग आईला बजावलं. आमची आई, विमलाबाई, ऐंशी ओलांडली तरी गॅसजवळ कुणाला फिरकू देत नाही.

"आई, उद्या घरात मासा नाही, कोलंबी नाही, काही नाही!"

"बहिरी नाही मी. वालाचं बिरडं करीन."

रविवारी त्या बिरड्याचा घमघमाट पार जिन्यापर्यंत! मी छाती भरून श्वास घेतला. "वा! आईच्या हाताचा वास!"

पानं वाढली. हेमांगीताई म्हणाल्या, "मला वाल बाधतात हो, पोटात वायू धरतो." झालं! आम्ही सगळे त्यांच्या पोटाच्या काळजीत. कुणी बटाट्याची भाजी आणतंय, कुणी दही. विनीतच्या पोटाची काळजी मी कालच घेतलेली होती ना!

त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. "आजी, असलं बिरडं मी जन्मात खाल्लेलं नाही!"

आई फुलून गेली. त्याने वाटी पुन्हा भरून घेतली. थोड्या वेळाने बघतो तर त्याच्या डोळ्यांत पाणी!

"बघा, बघा! पोराचे डोळे भरून आले! आई, वाढ अजून!" मी स्वतः पळी उचलली. तो मान खाजवायला लागला. मी म्हटलं, लाजतोय. त्याने बोलायला तोंड उघडलं, तर घोगरा आवाज! मी म्हटलं, गहिवरलाय. अहो, मलाच भरून आलं!

तेवढ्यात शिवानी किंचाळली, "बाबा, त्याचे ओठ बघा!"

काय सांगू! तेलात पुरी फुगावी तसे त्याचे ओठ फुगत होते! मी आ वासून बघतच राहिलो.

"आजी, बिरड्यात काय घातलंस?"

"मासा नाही, कोलंबी नाही."

"आजी!!"

"अगं, चिमूटभर जवळा. भाजून, कुटून वाटणात घातलाय. जवळा काय मासा होतो? तो चवीला असतो!"

जवळा! उन्हात वाळवलेली नखाएवढी कोलंबीच ती! पण आमच्या घरात त्याला कोण मासळीत धरतो? आम्ही त्याला मसाल्यात धरतो!

"सोलकढी पाजा!" आमची सौ. ओरडली. "कांदा हुंगवा!" मी ओरडलो. हेमांगीताई नुसत्याच ओरडत होत्या.

"कोणी त्याच्या तोंडात काही घालायचं नाही!" शिवानीचा तो आवाज ऐकून मी जागच्या जागी गार. झुरळ दिसलं तर पलंगावर चढणारी माझी पोरगी ही! "बाबा, रिक्षा!"

मी अनवाणी धावलो. जवळच्याच दवाखान्याच्या दारातून तिने सांगितलं, "कोलंबीची अ‍ॅलर्जी, पोटात गेलीय, श्वास लागतोय!" डॉक्टरीणबाईंनी तडक मांडीत इंजेक्शन दिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा श्वास मोकळा होत गेला! एवढ्या धिप्पाड गड्याला चिमूटभर जवळ्याने लोळवलं आणि सुईतल्या थेंबभर औषधाने उठवलं. मी हात जोडायला गेलो, तर हातात पळी!

"घरगुती उपाय करत बसला असता तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा उलटू शकतं, म्हणून आज इथेच ठेवू. आणि ती पळी आधी बाहेर न्या!"

मला वाटलं, संपलं. लेकीचं लग्न बिरड्यात बुडालं. तेवढ्यात हेमांगीताई उठल्या आणि त्यांनी शिवानीचा हात धरला.

"मी आई असून नुसती ओरडत राहिले. तू माझं पोर वाचवलंस. सुपारी फोडायचीच! फक्त जेवण आमच्याकडे."

विनीतने सुजलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला. "आजींना सांगा, चव भारी होती."

घरी आलो तर आई जवळ्याची बरणी मांडीवर घेऊन रडत बसलेली.

"पोर बरं आहे ना रे?"

"बरं आहे. लग्नही पक्कं आहे. पण आई, बिरड्यात जवळा कधीपासून?"

"नेहमीच असतो. बिरड्यात, भोपळ्यात, अळूत."

आयुष्यभर ज्याला आईच्या हाताचा वास म्हणत आलो, तो हा? मग एकदम आठवलं.

"आई... श्रावणात नाही ना?"

तिने पदराने डोळे पुसले. "सगळ्यांच्या पानात नाही रे बाबा. फक्त तुझ्या वाटीत. श्रावणात तू अर्धपोटी उठायचास, मला बघवायचं नाही."

मी हळूच नाक चाचपून बघितलं. जागेवरच होतं म्हणा!