उजव्या कोपऱ्यातला ठिपका

छायाचित्राच्या उजव्या कडेपासून चौदा मिलिमीटर आत आणि वरच्या कडेपासून एकवीस मिलिमीटर खाली एक करडा ठिपका होता. व्यास साधारण तीन मिलिमीटर, कडा धूसर. नगर सौंदर्यीकरण विभागाने शहराची चारशे बारा छायाचित्रे काढली होती आणि चारशे बाराही छायाचित्रांत तो ठिपका नेमका त्याच जागी होता. यावरून दोन निष्कर्ष निघू शकत होते. विभागाने दुसरा काढला: शहरात चारशे बारा ठिकाणी कुरूपता आहे.

कारवाई तातडीने सुरू झाली. ठिपक्यामागे जे असेल ते हटवायचे आणि पुन्हा छायाचित्र काढून खात्री करायची, अशी पद्धत ठरली. एका ठिकाणी ठिपका न्हाव्याच्या पाटीवर होता. पाटी उतरवली, तर तो मागच्या भिंतीवर दिसला. भिंत पाडली, तेव्हा तो आत खुर्चीत बसलेल्या, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकावर आला. त्या गृहस्थांना सात दिवसांत स्वतःला हटवण्याची नोटीस देण्यात आली. एका चौकात ठिपका आकाशावर पडला होता, म्हणून हवामान खात्याला पत्र गेले. खात्याने कळवले की ढग आमच्या अखत्यारीत आहेत, मधली मोकळी जागा नाही.

छायाचित्र क्रमांक दोनशे सहामध्ये ठिपका एका खिडकीवर होता. त्या खिडकीशी मशीन लावून एक बाई कपडे शिवत. गल्ली त्यांना शिवणताई म्हणे. खिडकी उत्तरेकडची, दिवसभर एकसारखा उजेड देणारी. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करायचे तर त्या उजेडाला पर्याय नव्हता. खिडकी विटांनी बुजवावी, असा आदेश आला.

"मग मी सुईत दोरा कुठे बसून ओवू? त्या साहेबाच्या मांडीवर?" त्यांच्या सासूबाई म्हणाल्या. "जा, विचारून ये."

शिवणताई गळ्यातल्या टेपसकट विभागात गेल्या. अधिकाऱ्यांच्या टेबलावर छायाचित्रे पसरलेली होती. त्यांनी सवयीने एकावर टेप लावला, मग दुसऱ्यावर, मग आणखी नऊंवर.

"साहेब, सगळीकडे माप एकच येतंय."

"अर्थात. शहराची कुरूपता शिस्तबद्ध आहे. त्यामुळे आमचं काम सोपं झालं."

"अहो, डाग कॅमेऱ्याच्या काचेवर आहे. काच पुसा."

अधिकाऱ्यांनी दार लावून घेतले आणि खुर्ची पुढे ओढली. "बाई, काच खरेदी विभागाची आहे. आम्ही फक्त तिच्यातून बघतो. पण तुम्ही अर्ज द्या, प्रस्ताव पाठवतो."

प्रस्ताव गेला. काच कोरड्या फडक्याने पुसावी की ओल्या, यावर एक समिती बसली. फडके कोणत्या रंगाचे असावे, यावर दुसरी बसली. तिच्यातल्या एका सदस्याचे म्हणणे पडले की पुसणे म्हणजे पूर्वी घाण होती हे मान्य करणे. निर्णय लांबला. सुदैवाने विटाही लांबल्या, कारण त्यांचीही समिती होती.

दरम्यान शिवणताईंनी सगळ्या गल्लीला गोळा करून समजावले. "कॅमेरा एक पाऊल सरकला की ठिपकाही सरकतो. म्हणजे दोष कुणाच्याच घराचा नाही. आपण सगळे मिळून काच पुसायची मागणी करू."

गल्लीने नीट ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी फेरतपासणीला छायाचित्रकार आला तेव्हा त्याच्यासाठी चार घरांतून चहा आला.

"दादा, असं उन्हात कशाला? इकडे सावलीत उभं राहा," बेकरीवाला म्हणाला. सावलीतून ठिपका किराणावाल्यावर पडत होता.

"सावलीत फोटो चांगला येत नाही, भाऊ. तुम्ही या इकडे," किराणावाला म्हणाला.

शेवटी दंतवैद्यांनी खडूने जमिनीवर दोन पावले काढून दिली आणि छायाचित्रकाराला त्यांवर उभे केले. ठिपका पुन्हा शिवणताईंच्या खिडकीवर आला. दंतवैद्यांचा दवाखाना त्या खिडकीच्या लगतच, डावीकडे होता. त्यावर पुरुषभर उंचीचा प्लास्टिकचा दात होता आणि दर दोन सेकंदांनी तो निळा उजळे. विभागाच्या नोंदीनुसार तो निर्दोष होता.

अठराव्या आठवड्यात गवंडी विटा घेऊन खिडकीखाली हजर झाला. त्याच्या मागोमाग धापा टाकत अधिकारी आले. हातात मंजुरी होती.

"पुसायला परवानगी मिळाली!" त्यांनी जाहीर केले. "पुसल्याबरोबर सगळ्या नोटिसा रद्द. मात्र पुसण्याआधी नियमाप्रमाणे एक शेवटचं छायाचित्र घ्यायचं. तेवढी एक नोंद कायम राहील, कारण विभागाकडे निदान एक तरी कुरूपता असायला हवी. आणि पुसायचं की नाही, हे अर्जदाराने साक्षीदारांसमोर तोंडाने सांगायचं."

"शेवटचा फोटो मी पलीकडच्या मोकळ्या मैदानाचा घेतो," छायाचित्रकार म्हणाला. "तिथे काहीच नाही. कुणाला त्रास नको."

सगळी गल्ली जमली होती. प्रत्येक जण न्यायाच्या बाजूने होता, निदान प्रत्येकाने आपापल्या शेजाऱ्याला तसे सांगितले होते. दंतवैद्य पुढे झाले आणि त्यांनी शिवणताईंच्या हातात एक मऊ, धुतलेले फडके ठेवले.

"झालं गेलं विसरून जा, ताई. खिडकी वाचली, यातच आम्हाला आनंद आहे."

शिवणताईंनी फडके उलटून पाहिले. कडेला दुमड नीट घातलेली होती. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग मैदानाकडे. मैदानात खरोखरच काही नव्हते. गवंडी विटेवर बसून वाट पाहत होता. अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण काढले.

"अगं, बोल की!" वरून सासूबाई ओरडल्या. "इथं सुई धरून माझा हात अवघडला."

शिवणताईंनी फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. दात दोनदा निळा झाला.

"पुसा," त्या म्हणाल्या. "पण शेवटचा फोटो इथूनच घ्या. जरा डावीकडे सरकून."