तात्याबाच्या वाट्याचे वाक्य

पिंपळदऱ्याच्या बाजार समितीने सौद्याची इंग्रजी वाक्ये टोकनावर द्यायला सुरुवात केली, आणि एक वाक्य एकाच्या नावावर चढले की ते दुसऱ्या कुणाच्या तोंडातून निघेना.

नियम साधा होता. सौदा, मागणी, तंटा, नकार, काय असेल ते इंग्रजी वाक्यात बोलले तरच धरले जाणार. मराठीत हवे तेवढे बोला, मनाई नव्हती. फक्त ते धरले जाणार नव्हते.

पहिल्याच दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. जाड वाक्ये अडत्यांनी नेली. भाजीवाल्या यमुनेला ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ मिळाले. तेव्हापासून ती भेंडीच्या ढिगामागे मान वर करून बसू लागली आणि मूठभर कोथिंबीर वर टाकायची बंद झाली.

तात्याबा ढेंबरे रांगेत उभा राहिला नाही. तो बैलबाजारातला हेडी, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. चिंचेखालच्या कट्ट्यावर बसून चाळीस वर्षे त्याने जोड्या लावून दिल्या, पण त्यासाठी कधी तोंड उघडले नाही. हातावर रुमाल टाकायचा, खाली समोरच्याची बोटे धरायची. जितकी बोटे दाबली तितकी मागणी. मनगट दाबले की सौदा पक्का. रुमालाखाली काय झाले ते तिसऱ्या माणसाला सांगायचे नाही. जो सांगेल तो हेडी नव्हे. तात्याबाच्या बापाने त्याला एवढेच शिकवले होते आणि तेवढे पुरले होते.

आषाढात त्याला समितीची नोटीस आली. चिंचेखालचा कट्टा काढून तिथे वजनकाटा बसवायचा होता. हरकत असेल तर गुरुवारी वाक्यासह हजर राहावे, असे लिहिले होते.

“बैल काय किलोवर घेत्यात?” तात्याबा म्हणाला.

“ते मला नका इचारू,” त्याची बायको हौसाबाई म्हणाली. “तिथं जाऊन इचारा. समदा गाव वाक्यं घेऊन बसला, तुम्ही ताठ्यात ऱ्हावा.”

तो गेला. खिडकीमागे कुलथे कारकून होता. त्याने वही पुढे-मागे चाळली.

“उशीर केलात, तात्या. एकच शिल्लक आहे. ‘आय अंडरस्टँड युवर पोझिशन.’”

“म्हंजी काय?”

“तुमची बाजू मला समजली.”

“मला समजून काय करायचंय? समजायचंय त्येंला. ‘कट्टा देत न्हाई’ आसं एखादं काढ की.”

“‘नो डील’ होतं. ते देवाप्पा अडत्याने नेलं. बाजारात त्याला लागत नाही, पण घरी सुनेशी बोलायला वापरतो.”

“आन् ह्ये कुणी घेतलं न्हाई व्हय?”

“तीन जणांनी घेतलं होतं. तिघांनी परत केलं.”

तात्याबाने अंगठा उठवला. वाक्य घशात उतरले तेव्हा थोडे खरखरले, जुन्या तंबाखूसारखे. घरापर्यंत त्याने ते दोनदा म्हणून पाहिले. रस्त्यातल्या एका म्हशीने वाट सोडली नाही.

गुरुवारी सुनावणी झाली. टेबलामागे सचिव बेडगे बसले होते, बाजूला कुलथे वही उघडून. बेडग्यांचे वडील बैलांचे व्यापारी. त्यांची बोटे तात्याबाने शेकडो वेळा धरली होती. पोरगा शिकला, सचिव झाला, आता हातात पेन असे.

“दिस इज अवर फायनल ऑफर,” बेडगे म्हणाले. कुलथेने लिहून घेतले.

तात्याबा उभाच राहिला. मग त्याने डोक्याचा रुमाल सोडला, टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घातला.

“साहेब, हे नियमात नाही,” कुलथे म्हणाला.

“नियमाबाहेरही नाही,” बेडगे म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांनीही हात घातला.

तात्याबाने पाचही बोटे दाबली. पाच वर्षे बसू द्या. बेडग्यांनी एक बोट दाबले. तात्याबाने चार दाबली. बेडग्यांची दोन आली, घामेजलेली. तात्याबा तीनवर थांबला आणि हलला नाही. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने बेडग्यांच्या हाताने मनगट दाबले. नीट दाबले, बापासारखे.

तात्याबाने रुमाल झटकून डोक्याला बांधला.

“काय ठरलं?” कुलथेने विचारले.

तात्याबा रुमालाची गाठ आवळत राहिला.

“तात्या, वहीत लिहावं लागेल. मराठीत सांगितलंत तरी मी शेरा मारतो. काय ठरलं रुमालाखाली?”

तात्याबाने बेडग्यांकडे पाहिले. बेडगे फायलीची दोरी बांधत होते. एक शब्द बोलला असता तर कट्टा तीन वर्षे राहिला असता. पण रुमालाखालचे सांगणारा तो कट्ट्यावर बसून काय करणार होता?

“साहेब, तुम्ही तरी सांगा,” कुलथे म्हणाला.

“जे बोललं गेलं तेवढंच लिहा,” बेडगे म्हणाले. “अर्जदाराचं वाक्य अजून यायचं आहे.”

तात्याबाने घसा साफ केला. “आय अंडरस्टँड युवर पोझिशन.”

“हरकत नाही,” कुलथेने लिहिले आणि शिक्का मारला.

घरी हौसाबाईने ताट वाढले. “काय झालं ते मला तरी सांगा.”

“न्हाई.”

“चाळीस वर्सं संसार केला तुमच्याबरं.”

“तू तिसरी,” तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

सोमवारी कट्टा फोडला. बुधवारी काटा बसला. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तात्याबा नेहमीच्या वेळी आला आणि काट्याच्या लोखंडी पाटावर मांडी घालून बसला. सौदा तीन वर्षांचा होता. बैल घेऊन आलेली माणसे मागे रांगेत थांबली. एकाने शिवी दिली, ती मराठीत असल्यामुळे धरली गेली नाही.

बेडगे खिडकीत आले, बघितले आणि खिडकी लावून घेतली.

काट्याने बावन्न किलो दाखवले. कुलथेने पावती फाडली, तात्याबाच्या हातात दिली आणि पुढच्या बैलाला बोलावले.

तात्याबा उठला नाही.